रोज सकाळचा मॅग ड्रॉप: शोधला मॅग्नेटोत, सापडला प्रायमरमध्ये

तक्रार अशी होती. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर आमचं सेसना १५२ सकाळी पहिल्यांदा सुरू केलं, की रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, प्लगांना ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी फक्त डाव्यावर आणलं की आरपीएम १८० ते २०० ने पडायचे. यालाच मॅग ड्रॉप म्हणतात. इंजिन नुसतं मंद व्हायचं नाही, थरथरायचं, मिसिंग मारायचं. मिक्स्चर ओढून (म्हणजे मिश्रणातलं पेट्रोल कमी करून), थोडं रेस करून प्लगवरची घाण जाळली की ड्रॉप ९० वर यायचा. मग उड्डाण व्हायचं आणि दिवसभर पुन्हा त्रास नसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. नोव्हेंबर ते जानेवारी हे चाललं होतं. त्या काळात आम्ही प्लग दोनदा काढून साफ केले, एकदा नवे टाकले, हार्नेस (मॅग्नेटोपासून प्लगपर्यंतच्या वायरी) तपासली आणि शेवटी डावा मॅग्नेटो उतरवून बाहेरच्या एका वर्कशॉपला पाठवला. तो काही दोष नाही असा शेरा घेऊन परत आला. बसवला, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जुळवलं. तिसऱ्या सकाळी ड्रॉप १९०.

आमची चूक नावातच दडलेली होती. ‘मॅग ड्रॉप’ म्हटलं की बोट आपोआप मॅग्नेटोकडे जातं. खरं तर त्या तपासणीत मॅग्नेटो, हार्नेस, प्लग, इंधनाचं मिश्रण आणि टायमिंग या सगळ्यांची एकत्र परीक्षा होते, आणि आकडा मात्र एकच दिसतो.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनी लुना आठवा. तिला बॅटरी नव्हती, तरी ठिणगी पडायची, कारण चुंबक फिरत असायचा आणि कॉइलमध्ये वीज तयार व्हायची. विमानाचा मॅग्नेटो त्याच जातीचा. इंजिन फिरतंय तोवर तो स्वतःची वीज स्वतः करतो. बॅटरी बसली, अल्टरनेटर गेला तरी इंजिन बंद पडत नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली हा विमानतळ बांधला, तेव्हाच्या टायगर मॉथसारख्या विमानांतही दोन मॅग्नेटो असायचे आणि आज आमच्या लायकॉमिंग इंजिनातही दोनच आहेत. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक या मॅग्नेटोचा, एक त्या मॅग्नेटोचा. दोन्ही बाजूंनी पेट घेतला की मिश्रण लवकर जळतं. तपासणीत एक मॅग्नेटो बंद करून एकच ठिणगी राहिली की जळायला जास्त वेळ लागतो, ताकद थोडी कमी होते, आरपीएम पडतात. म्हणजे थोडा ड्रॉप हा यायलाच हवा. सेसना १५२ च्या हँडबुकात तपासणी १७०० आरपीएमला सांगितली आहे. एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त असू नये. इंजेक्शनवाल्या १७२ एस ला तीच तपासणी १८०० ला आणि मर्यादा १५० ची. आपल्या विमानाचं हँडबुक काय म्हणतं तेच धरायचं, शेजारच्या विमानाचा आकडा धरायचा नाही.

आम्ही तीन महिने फक्त ‘किती’ पडले ते लिहीत होतो. ‘कसे’ पडले ते कुणी लिहीत नव्हतं. आता आमच्या लॉगच्या शेजारी एक वही असते, तिच्यात ड्रॉपचा स्वभाव लिहायचा असा नियम केला आहे.

इंजिन थरथरत, अडखळत एकदम पडलं, तर एखादा प्लग पेटतच नाही असं समजावं. प्लगवर शिसं किंवा काजळी धरली असेल, तो पेट्रोलने भिजला असेल, किंवा हार्नेसची एखादी वायर गळत असेल. इंजिन गुळगुळीत चालत असूनही आरपीएम मर्यादेपेक्षा खाली गेले, तर प्लगांच्या मागे लागू नका. तिथे मॅग्नेटोचं टायमिंग मागे गेलेलं असू शकतं, किंवा मिश्रण फार घट्ट (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) असू शकतं. मिक्स्चर थोडं ओढून पुन्हा पाहिलं तर यातलं कोणतं ते लगेच कळतं. विमानात प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान, दिसत असेल तर काम आणखी सोपं. एका मॅग्नेटोवर गेलं की जळणं लांबतं, म्हणून सगळ्या सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान वाढायला हवं. एखाद्याचं वाढण्याऐवजी कोसळलं, तर त्या सिलिंडरचा त्या बाजूचा प्लग मेलेला आहे. सरळ तोच काढायचा.

आणि ड्रॉप शून्य आला तर आनंद मानू नका. शिकाऊ मुलं हसत सांगतात, “सर, आज एकदम मस्त, काहीच पडले नाहीत.” मला तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती वाटते. किल्ली ऑफ केली की मॅग्नेटोची वीज एका वायरने अर्थ होते. तिला पी-लीड म्हणतात. ती वायर तुटली तर मॅग्नेटो बंदच होत नाही. तुम्ही किल्ली दुसऱ्या मॅग्नेटोवर आणली तरी दोन्ही चालूच राहतात, म्हणून आरपीएम पडत नाहीत. मग किल्ली काढून खिशात ठेवलेल्या विमानाचा पंखा कुणी हाताने थोडा फिरवला, तर इंजिन सुरू होऊ शकतं. पंखा कधीही फिरेल असं धरूनच त्याच्याजवळ जायचं, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो, आणि शून्य ड्रॉपचं विमान इंजिनिअरनी पाहिल्याशिवाय हलत नाही.

आता आमच्या विमानाकडे येतो. जानेवारीच्या शेवटी आमच्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, “मॅग्नेटो विसरा. उद्या तुम्ही सुरू कसं करता ते मी उभं राहून बघतो.” सकाळी पावणेसात, तापमान चौदाच्या आसपास, गोकुळ शिरगावच्या बाजूला धुकं. विद्यार्थ्याने प्रायमर खेचला, ढकलला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. साहेबांनी हात वर करून थांबवलं. “सहा कशाला?” “सर, थंडी आहे.” परदेशात बर्फात उभी असलेली विमानं सुरू करतानाचे व्हिडिओ पाहून त्याने ते उचललं होतं. कोल्हापूरची थंडी अंगाला झोंबते हे खरं, पण इंजिनाच्या हिशोबाने चौदा अंश म्हणजे थंडीच नाही. या विमानाच्या हँडबुकात गरजेप्रमाणे, तीन स्ट्रोकपर्यंत असं लिहिलं आहे. मुळात प्रायमर करतो काय, तर कार्बोरेटरला बगल देऊन कच्चं पेट्रोल थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारतो. थंड इंजिनात त्यातलं सगळं वाफ होत नाही. उरलेलं प्लगवर बसतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, आणि खाली कार्बोरेटरकडे ओघळतं. तिथे एक बॅकफायर आला की आग.

माझे मामा उद्यमनगरात शेतकऱ्यांचे रॉकेलवर चालणारे पंप दुरुस्त करायचे. दोरी ओढून सुरू करायचे ते इंजिन. लहानपणी मी त्यांच्या दुकानात बसायचो. ते म्हणायचे, “सुरू हुईना म्हणून चोक मारत बसलास की प्लग भिजंल, आन् मग कुणी बी आलं तरी सुरू व्हायचं न्हाई.” विमानाच्या इंजिनाला हेच वाक्य लागू पडतं.

पण सहा स्ट्रोक हे अर्धंच उत्तर होतं. त्याआधी मी स्वतः दोन स्ट्रोकवर सुरू केलं होतं, तेव्हाही ड्रॉप आला होता. साहेबांनी इंजिन गरम करून आयडलला (थ्रॉटल मागे, सगळ्यात संथ वेगाला) आणलं आणि मिक्स्चर अगदी हळू ओढलं. इंजिन बंद पडायच्या आधी आरपीएम किंचित वर जातात. लायकॉमिंगचं सांगणं असं, की ही वाढ ५० पेक्षा जास्त असेल तर आयडलचं मिश्रण फार घट्ट आहे. आमचे आरपीएम ११० ने चढले. म्हणजे कुठून तरी जास्तीचं पेट्रोल आत जात होतं. प्लग काढले. खालच्या बाजूचे दोन काळे आणि ओले, बाकीचे तपकिरी, कोरडे. आणि ते दोन प्लग नेमके त्याच सिलिंडरचे, जिथे प्रायमरच्या नळ्या जातात. त्या दोघांनाही ठिणगी देणारा मॅग्नेटो डावाच. तीन महिने आम्ही ज्याच्यावर आळ घेत होतो, तो बिचारा भिजलेल्या प्लगांना इमानाने वीज पुरवत होता.

कारण प्रायमरच्या पंपातलं रबर होतं. प्रायमर आत ढकलून फिरवला की लॉक होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. लॉक झाला नाही तर आयडलला इंजिनची ओढ सगळ्यात जास्त असल्यामुळे ते प्रायमरमधून पेट्रोल चोखत राहतं. आयडल खडबडीत होतं, थ्रॉटल वाढवला की बरं वाटतं. आमचा लॉक नीट होत होता. पण आतली ओ-रिंग वयाने कडक झाली होती, आणि लॉक असूनही तिच्या कडेने पेट्रोल जात होतं. दिवसा इंजिन आणि प्लग तापलेले असल्यामुळे ते जळून जायचं. सकाळी, थंड प्लग, लांबलेलं वॉर्म-अप, सहाशे-सातशे आरपीएमवर रेंगाळणं, वर विद्यार्थ्याचे सहा स्ट्रोक, यात ते दोन प्लग भिजायचे.

खात्री करायला साहेबांनी प्रायमरची नळी इंजिनच्या टोकाला सोडवून बंद केली आणि पुन्हा आयडल तपासलं. वाढ ३० वर आली. दुसऱ्या सकाळी ड्रॉप ८०, गुळगुळीत. मग ओ-रिंग बदलली, नळी जोडली, नोंद करून सही केली. करंगळीच्या नखाएवढी वस्तू. ही नळी बंद करून बघण्याची युक्ती मला फार आवडली, कारण तिच्यात अंदाजाला जागाच राहत नाही. मात्र नळी सोडणं, प्लग काढणं, मॅग्नेटोच्या टायमिंगला हात लावणं ही परवानाधारक इंजिनिअरची कामं आहेत. वैमानिकाने करायचं ते निरीक्षण आणि नोंद.

सुरू करण्याची आमची पद्धत तेव्हापासून अशी आहे. गरम इंजिनाला प्राइम नाहीच. हिवाळ्याच्या सकाळी दोन स्ट्रोक, फारच गारठा असेल तर तीन. प्रायमर हळू खेचायचा, पंप भरायला वेळ द्यायचा, आणि मग ठामपणे ढकलायचा. भरभर केलेल्या स्ट्रोकमध्ये निम्मी हवाच असते. शेवटी लॉक करायचा आणि बोटाने ओढून बघायचा. मग सेल्फ. एक-दोन फेऱ्यांत पकडलं नाही तर हात थांबवायचे आणि इंजिन काय सांगतंय ते ऐकायचं. अजिबात पेटायला तयार नसेल तर प्राइम कमी पडलं आहे, आणखी एक स्ट्रोक चालेल. अधूनमधून पेट घेतंय, एक्झॉस्टमधून काळा धूर फुसफुसतोय, तर पेट्रोल जास्त झालं आहे. तेव्हा मिक्स्चर पूर्ण बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि सेल्फवर काही फेऱ्या फिरवून आतलं पेट्रोल बाहेर काढायचं. त्यानंतर नेहमीसारखं सुरू करायचं, पण प्राइम न देता. विद्यार्थी नेमकं उलटं करतात, पेटत नाही म्हणून आणखी पाजतात. सुरू झाल्यावर तीस सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर बंद.

कार्बोरेटरला आग लागलीच तर सेल्फ सोडू नका. माणसाचा हात आपोआप किल्लीवरून उठतो, पण इंजिन फिरत राहिलं तर ज्वाळा आत ओढल्या जातात आणि बहुतेकदा तिथेच विझतात. हे हँडबुकातलं पान उड्डाणाआधी वाचून पाठ असायला हवं.

एक गोष्ट राहिली. सुरू व्हायला त्रास होतोय म्हणजे पेट्रोलच कमी, असं नेहमी नसतं. मॅग्नेटोत इम्पल्स कपलिंग असतं. सेल्फच्या संथ वेगात ते स्प्रिंग ताणून मॅग्नेटोला झटका देतं, त्यामुळे ठिणगी जोरदार आणि उशिरा पडते. ते झिजलं तर ठिणगी कमजोर होते, वैमानिक प्राइम वाढवतो, प्लग भिजतात, आणि रन-अपला ड्रॉप येतो. तेव्हा मात्र दोष खरंच मॅग्नेटोत असतो. म्हणून पाचशे तासांची मॅग्नेटोची तपासणी पुढे ढकलायची नाही.

फेब्रुवारी-मार्च शांत गेले. एप्रिलमध्ये ड्रॉप परत आला आणि माझं अवसान गळालं. पण वहीतला स्वभाव वेगळा होता: सकाळी नाही, दुपारी, एकाच बाजूला नाही, दोन्हीकडे, आणि दरवेळी प्रवासी विमान उतरेपर्यंत आयडलवर दहा-बारा मिनिटं थांबल्यानंतर. ओ-रिंग तपासली, ठीक होती. मग हिशोब मांडला. उजळाईवाडीची उंची सुमारे २००० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश. दुपारी ३७ असेल तर २६ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर विमानाला वाटतं की ते ५१०० फुटांवर उभं आहे. एवढ्या पातळ हवेत मिक्स्चर पूर्ण आत ठेवून आयडल करत बसलो तर मिश्रण घट्ट होणारच. त्यात आमचं पेट्रोल एव्हगॅस १०० एलएल, खास विमानांचं. नावात ‘लो लेड’ असलं तरी लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं त्यात असू शकतं. रस्त्यावरच्या पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं, विमानाच्या पेट्रोलमधलं अजून आहे. ते धुरावाटे निघून जावं म्हणून त्यात दुसरं रसायन घातलेलं असतं, पण त्याला काम करायला उष्णता लागते. आयडलवर ती मिळत नाही, आणि शिशाचे बारीक मणी प्लगच्या पोटात जमतात.

उपाय फुकट आहे. इंजिन सुरू होऊन स्थिर झालं की जमिनीवर मिक्स्चर चांगलं ओढायचं, इतकं की थ्रॉटल वाढवला तर इंजिन अडखळावं. अर्धवट ओढू नका. भरपूर ओढलेलं मिक्स्चर विसरलात तर इंजिनच टेक-ऑफला नकार देईल. अर्धवट ओढलेलं विसरलात तर ते धावपट्टीवर साथ देईल आणि वर चढताना तापेल. थांबायचं तर १००० ते १२०० आरपीएमवर थांबायचं. तरीही रन-अपला थरथरता ड्रॉप आला तर आरपीएम थोडे वाढवून, मिक्स्चर आरपीएमच्या शिखरापर्यंत ओढून अर्धा-एक मिनिट चालवायचं आणि पुन्हा तपासायचं. दोन प्रयत्नांत गेला नाही तर परत फिरायचं. मागे रांग आहे, टॉवर विचारतोय, विद्यार्थ्याचा तास वाया जाईल, यातलं काहीही कारण होऊ शकत नाही.

तपासताना किल्ली मोजून फिरवा: बोथवरून (दोन्ही मॅग्नेटो चालू) एका बाजूला, पुन्हा बोथ, आरपीएम सावरू द्या, मग दुसरी बाजू. घाईत चुकून ऑफवर गेली तर झटकन परत फिरवू नका. मधल्या क्षणात न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये साठतं आणि ठिणगी परतली की तिथे स्फोट होतो. आधी थ्रॉटल मागे.

जूनमध्ये पाऊस लागला की तिसरा प्रकार सुरू होतो. रात्रभर भिजलेल्या विमानात हार्नेसच्या टोकांशी आणि मॅग्नेटोच्या आत दमटपणा धरतो. दोन्ही बाजूंना अनियमित ड्रॉप येतो आणि इंजिन तापलं की आपोआप निवळतो. तो दर पावसाळी सकाळी येत असेल तर हार्नेस जुनी झाली असं समजा. याच दिवसांत कार्बोरेटर हीटची (कार्बोरेटरला गरम हवा देणाऱ्या सोयीची) तपासणी कुणी उरकून टाकू नये. बावीस-तेवीस अंश आणि हवेत ओल गच्च, ही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरायला अगदी पोषक हवा आहे. कोल्हापुरात बर्फ कसला, असं म्हणणारे मला दरवर्षी भेटतात. रन-अपला हीट ओढली, इंजिन आधी अडखळलं आणि मग आरपीएम पहिल्यापेक्षा वर गेले, तर तो बर्फच होता. मॅग्नेटोची तपासणी हे झाल्यावर करायची, नाहीतर बर्फाचा दोष पुन्हा मॅग्नेटोच्या माथी बसतो.

आमच्या वहीत आता प्रत्येक रन-अपला सहा गोष्टी येतात: तापमान, किती स्ट्रोक, किती मिनिटं आयडल, डावा, उजवा, आणि थरथर की गुळगुळीत. दर पन्नास तासांनी तीच वही साहेब प्लग काढताना शेजारी उघडी ठेवतात. गेल्या वेळी त्यांनी वरचे प्लग खाली आणि खालचे वर केले, कारण तेल आणि शिसं खालीच साचतं. एका प्लगचा रेझिस्टन्स ५००० ओहमच्या वर निघाला म्हणून तो बाद केला. बाहेरून तो स्वच्छ आणि चकचकीत दिसत होता.